सहा चौकटींचा आकाशकंदील: बांबूच्या कामट्यांपासून पहिला कंदील घरीच कसा बांधावा

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, सरली की गोव्यातल्या वाड्यावाड्यांवर मुले नरकासुराच्या पुतळ्याच्या सांगाड्याला लागतात आणि त्याच सुमारास बाजारात तयार आकाशकंदील लटकू लागतात. प्लास्टिकचा घडीचा कंदील विकत घेणे सोपे आहे खरे. पण कामट्या, दोरा, खळ आणि पतंगी कागद एवढ्यावर उभा राहणारा कंदील पहिल्यांदाच हात घालणाऱ्यालाही जमतो आणि त्याचा सांगाडा बरीच वर्षे टिकतो. खर्चातला मोठा वाटा बल्ब, होल्डर आणि वायरचा असतो. बाकीचे सामान किरकोळ पैशांत येते.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करा. कंदील बिघडतो तो सांगाड्यात. सुरकुतलेला किंवा फाटलेला कागद, तिरका लोंबणारा कंदील, वाऱ्यात पिळून जाणारा कंदील या सगळ्यांचे मूळ चौकटी सारख्या नसण्यात असते. नवखा माणूस दोन तासांत सांगाडा उरकतो आणि दोन दिवस कागदाशी झगडतो. वेळेची वाटणी उलटी हवी.

आकार समजून घ्या

पारंपरिक कंदिलाचे अनेक प्रकार आहेत. त्यांतला नवख्यासाठी सर्वांत चांगला म्हणजे सहा सारख्या चौकटींचा. चार चौकटी कोपऱ्यावर उभ्या, म्हणजे शंकरपाळीच्या आकारात, गोल फिरवून एकमेकींना बांधायच्या. एक चौकट वर आडवी, एक खाली आडवी. एवढे केले की मधल्या फटींत आठ त्रिकोण आपोआप तयार होतात, चार वर आणि चार खाली. त्रिकोणांसाठी एकही वेगळी काडी लागत नाही. एकूण २४ काड्या आणि चौकटी जोडणाऱ्या १२ गाठी, एवढाच हिशेब.

चौकटीची बाजू २० सेंमी धरली, तर कंदिलाची उंची साधारण २८ सेंमी होते आणि मधल्या समोरासमोरच्या टोकांमधले अंतर ४० सेंमी. पडवीत किंवा बल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, टांगायला हे माप बरोबर बसते. पहिला कंदील याहून मोठा करू नका. ३० सेंमीच्या बाजूला काड्या वाकतात आणि कागदाचे तुकडे एका तावात बसत नाहीत.

सामान

बांबूचा सुमारे सव्वा मीटर लांबीचा, ४ ते ५ सेंमी जाडीचा एक तुकडा पुरे होतो. तो विकतच घ्यायला हवा असे नाही. नरकासुर बांधणाऱ्या मुलांकडे बांबूचे उरलेले तुकडे हमखास पडलेले असतात. विकत घ्यायचा तर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सुपे, टोपल्या विकणाऱ्यांकडे विचारा. चिरलेल्या कामट्या मिळाल्या तर आणखी चांगले, अर्धे काम वाचते. तुकडा निवडताना पेर लांब असलेला, म्हणजे दोन गाठींमधले अंतर जास्त असलेला घ्या. काडीच्या मध्यभागी गाठ आली की ती तिथेच वाकते किंवा मोडते.

बांबू अगदी हिरवा नको. ओल्या कामट्या वाळताना आकसतात आणि आज घट्ट बांधलेल्या गाठी चार दिवसांनी सैल होतात. हिरवाच मिळाला तर चिरून, सावलीत पसरून चार-पाच दिवस वाळवा. भर उन्हात टाकू नका, कामट्या पिळतात.

याशिवाय हवे ते असे: गोधडी शिवायचा जाड सुती दोरा, पतंगी कागदाचे तीन ताव (साधारण ५० × ७० सेंमीचे, दोन किंवा तीन रंगांत), मैदा, थोडा फेविकॉल, धारदार कोयता आणि सुरी, पॉलिश कागद, मोजपट्टी, एक सपाट फळी आणि आठ छोटे खिळे. दिव्यासाठी ५ वॅटचा एलईडी बल्ब, होल्डर आणि लागेल तेवढी दोन तारांची लवचीक वायर. दोरा नायलॉनचा घेऊ नका. तो गुळगुळीत कामटीवर घसरतो आणि खळही धरत नाही.

कामट्या काढणे

बांबू नेहमी निम्म्याने चिरायचा: आधी दोन फाका, मग चार, मग आठ. कडेने एकेक पातळ पट्टी काढायला गेलात तर चीर सरळ जात नाही. दोन्ही बाजूंची जाडी सारखी असेल तर चीर मधून धावते. एक बाजू पातळ झाली की ती त्या बाजूला सरकते आणि पट्टी निमुळती होऊन तुटते. चीर सरकू लागल्याचे दिसताच जाड बाजू हाताने जास्त वाकवा, ती परत मध्यावर येते. कोयता फक्त तोंड पाडण्यापुरता ठोकायचा. पुढे दोन हातांनी फाकवत न्यायचे. बांबूची धार ब्लेडसारखी कापते, म्हणून हातात जाड कापड किंवा हातमोजे असू द्या आणि हे काम लहान मुलांना देऊ नका.

तयार कामटी ६ मिमी रुंद आणि ३ मिमी जाड असावी. जाडी कमी करताना आतले पोट तासायचे, बाहेरची गुळगुळीत पाठ तशीच ठेवायची. बांबूची ताकद पाठीत असते. पोटाचा भाग मऊ असतो आणि भुंगाही आधी तिथेच लागतो. सगळ्या कडांवरून पॉलिश कागद फिरवा. कडेला राहिलेला एक बारीक कुसळही कागद फाडतो.

आता २२ सेंमीच्या २४ काड्या कापा. दोन्ही टोकांना एकेक सेंमी सोडून खूण करा, म्हणजे दोन खुणांमध्ये बरोबर २० सेंमी राहतात. गाठ खुणेवर येईल आणि पुढे राहिलेला एक सेंमी दोरा निसटू देणार नाही. याशिवाय ३० सेंमीच्या तीन काड्या आडव्या आधारासाठी. १२० सेंमीच्या एका कामटीतून लहान काड्या पाच निघतात, तेव्हा सहा कामट्यांत काम होते. दोन जास्त काढून ठेवा, एखादी मोडतेच.

साचा आणि चौकटी

फळीवर २० सेंमी बाजूचा अचूक चौकोन काढा आणि त्याच्या चारही रेषा कोपऱ्यांपुढे थोड्या वाढवा. चौकोन अचूक आहे की नाही ते कर्ण मोजून कळते. दोन्ही कर्ण २८.३ सेंमी भरायला हवेत. काडी रेषेवर ठेवली असता तिच्या बाहेरच्या कडेला टेकतील असे प्रत्येक बाजूला दोन खिळे मारा. हा तुमचा साचा. सहाही चौकटी याच साच्यात बांधायच्या, मोजपट्टीने एकेक करत नाही. एका चौकटीत तीन-चार मिलिमीटरचा फरक पडला तरी शेवटच्या गाठीला दोन कोपरे एकमेकांना भिडत नाहीत. मग ते ओढून बांधले जातात आणि सगळा सांगाडा तिरका होतो.

साच्यात आधी दोन समांतर काड्या ठेवा आणि त्यांच्यावर दोन आडव्या. कोपऱ्यावर दोरा तिरका तीन वेळा फिरवा, मग उलट्या तिरक्या दिशेने तीन वेळा. त्यानंतर दोन काड्यांच्या मधून, आधीच्या वेढ्यांभोवती, दोनदा आवळून घ्या आणि गाठ मारा. हे शेवटचे दोन वेढे बरेच जण विसरतात, पण पकड खरी त्यांच्यातच आहे. त्यांच्याशिवाय कोपरा बिजागरीसारखा फिरतो. गाठीवर फेविकॉलचा थेंब टाका आणि चौकट साच्यातून काढण्याआधी पंधरा मिनिटे थांबा. पूर्ण सुकायला रात्रभर ठेवा. सहा चौकटी झाल्या की एकावर एक रचून बघा. एखादी बाहेर डोकावत असेल तर तिचे कोपरे सोडून पुन्हा बांधा.

सांगाडा उभा करणे

क्रम महत्त्वाचा आहे. चार चौकटी जमिनीवर ओळीने शंकरपाळीसारख्या मांडा, एकीचा उजवा कोपरा दुसरीच्या डाव्याला भिडेल अशा. तीन ठिकाणी गाठी बांधा, मग ओळ उभी करून गोल वळवा आणि पहिली-चौथी जोडा. हे कडे झाले. आता त्याच्या खाली पाचवी चौकट.

इथे नवख्यांचा गोंधळ होतो. वरची आणि खालची चौकट कड्याच्या टोकांशी जुळवायची नाही. तिचे चार कोपरे शंकरपाळ्यांच्या वरच्या, किंवा खालच्या, टोकांवर येतात. वरून पाहिल्यास ती कड्याच्या मानाने ४५ अंशांनी फिरवलेली दिसते, आणि तसेच बरोबर आहे. खालची बांधून झाली की सांगाडा उलटा करून वरची बांधा.

या बारा गाठी पहिल्या फेरीत सैलच ठेवा. सगळे कोपरे जागेवर आल्यावर दुसऱ्या फेरीत आवळा. एकीकडून घट्ट करत गेलात तर सगळी चूक शेवटच्या कोपऱ्यावर साचते.

आता सांगाडा हातात धरून हलकेच पिळून बघा, तो पिळला जाईल. यात तुमची चूक नाही. त्रिकोण आपला आकार सोडत नाही, पण चौकोन दाबला की तिरपा होतो, आणि या कंदिलात सहा चौकोन आहेत. म्हणून सहाही चौकोनांना धरून ठेवावे लागते. वरच्या चौकटीत ३० सेंमीच्या दोन काड्या कर्णाकर्णाने, मध्यावर छेदणाऱ्या, बांधा. बल्बचा होल्डर यांनाच लटकणार आहे. खालच्या चौकटीत एकच कर्णकाडी पुरे, म्हणजे बल्ब बदलायला हात आत जातो. चार उभ्या शंकरपाळ्यांत बारीक पांढऱ्या दोऱ्याचे उभे-आडवे ताण द्या आणि दोन्ही बाजूंना २८ सेंमीच्या आसपास अंतर येईपर्यंत सारखे करा. दोरा फक्त ओढ धरतो, दाब धरत नाही, म्हणून एक दिशा पुरत नाही. पांढरा बारीक दोरा कागदामागे दिसत नाही, तसाच राहू द्या. आता पुन्हा पिळून बघा, फरक लगेच कळेल.

शेवटी बाहेर आलेली टोके ३-४ मिमी ठेवून छाटा आणि घासून बोथट करा.

खळ

तीन टेबलस्पून मैदा अर्धा कप गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवा. दुसरीकडे एक कप पाणी उकळा, त्यात हे मिश्रण ओता आणि मंद आचेवर तीन-चार मिनिटे ढवळत राहा. पांढुरका रंग जाऊन चकाकी आली की उतरवा. गार झाल्यावर ती आणखी घट्ट होते, म्हणून उतरवताना चमच्यावरून सावकाश ओघळेल इतपत सैल हवी. झुरळे आणि कसर कागद खळीसाठी कुरतडतात. ते टाळायला चिमूटभर मोरचूद घालायची पद्धत आहे. मात्र ते विषारी आहे. घालायचे तर टाकाऊ डब्यात घाला, स्वयंपाकाच्या भांड्यात नाही, आणि मुले कागद चिकटवणार असतील तर अजिबात नको. आपल्या दमट हवेत खळ दोन दिवसांत आंबते, तेव्हा लागेल तशी थोडी-थोडी ताजी करा. फेविकॉल पतंगी कागदाला बरा नाही. तो कडक होतो, डाग पाडतो आणि पुढच्या वर्षी कागद काढताना कामटी खरवडावी लागते.

कागद

शंकरपाळीचे चार तुकडे २३ × २३ सेंमीचे कापा, म्हणजे चहूबाजूंनी दीड सेंमी दुमडायला राहते. एका तावात असे सहा बसतात. त्रिकोणांचे आठ तुकडे दुसऱ्या तावातून निघतात. ताव लांबीच्या दिशेने २२ सेंमी रुंद दोन पट्ट्यांत कापा आणि प्रत्येक पट्टीतून एक सरळ, एक उलटा असे चार त्रिकोण काढा. दुमडीसह त्रिकोणाची बाजू २५ सेंमी धरा. वरची आणि खालची चौकट उघडीच ठेवायची. वरून गरम हवा बाहेर पडते, खालून प्रकाश अंगणात पडतो.

रंग निवडताना कागद दिव्यासमोर धरून बघा. पिवळा, केशरी, फिका गुलाबी आणि पांढरा यांतून प्रकाश मोकळा येतो. गडद निळा, जांभळा, गर्द हिरवा दिवसा छान दिसतात आणि रात्री काळवंडतात. म्हणून शंकरपाळ्या फिक्या आणि त्रिकोण गडद, ही जोडी चांगली. पांढऱ्या शंकरपाळीवर विटकरी कागदाची कातरण चिकटवली तर आपल्या देवळांच्या भिंतींवरच्या कावी कामाची लाल-पांढरी शोभा कंदिलात उतरते. १४ सेंमीचा चौकोन तीनदा घडी घालून कातरला की आठ पाकळ्यांचे फूल निघते. ही कातरण कंदिलावर चढवण्याआधी, कागद सपाट असतानाच चिकटवा.

खळ कागदाला लावू नका, काडीला लावा. पतंगी कागद ओला झाला की हातातच फाटतो आणि रंग सोडतो. आधी आठ त्रिकोण लावा: कागद मध्यावर धरा, तिन्ही दुमडी काडीवरून आत वळवा, बोटाने हलके दाबा. ते सुकले की वरून शंकरपाळ्या. कागद ताणून चिकटवू नका, फक्त सुरकुती नको एवढेच बघा. खळीच्या ओलीने फुगलेला कागद सुकताना आकसतो आणि आपोआप ताठ होतो. आधीच ताणलेला असेल तर सुकताना कोपऱ्यातून फाटतो. सुकल्यावरही ढिला वाटला तर बारीक फवाऱ्याने किंचित पाणी मारा आणि सावलीत वाळू द्या. मात्र आधी एका तुकड्यावर रंग सुटतो का ते तपासा. पहाटेच्या दवाने कागद थोडा सैल पडतो आणि दुपारी परत ताठ होतो, त्याची काळजी करू नका.

सांधे झाकायला दीड सेंमी रुंद पांढऱ्या किंवा सोनेरी पट्ट्या सगळ्या काड्यांवरून चिकटवा. कंदिलाला नेटकेपणा या पट्ट्यांनी येतो.

झिरमिळ्यांसाठी तिसरा ताव. खालच्या चौकटीभोवती ८० सेंमीची झालर लागते. कागदाच्या चार घड्या करून, वर ३ सेंमी सोडून, एकेक सेंमीच्या चिरा द्या. चारही मधल्या टोकांना ४० सेंमीच्या शेपट्या पुरे. समुद्राकडच्या गावांत दुपारनंतर वारा चांगलाच सुटतो. लांब शेपट्या तो धरतो आणि कंदील भिंतीवर आपटतो, तिथे त्या आखूडच ठेवा.

दिवा आणि टांगणे

बल्ब ५ वॅटचा एलईडी, पिवळसर प्रकाशाचा. पांढऱ्या थंड प्रकाशात लाल आणि केशरी कागद फिका दिसतो. जुना तारेचा बल्ब लावू नका, त्याच्या उष्णतेने कागद करपतो, पेटूही शकतो. पणती किंवा मेणबत्ती कागदी कंदिलात ठेवूच नका. होल्डर वरच्या काड्यांच्या छेदावर दोऱ्याने घट्ट बांधा, बल्ब कंदिलाच्या मध्यावर यावा आणि कागदापासून निदान १० सेंमी दूर राहावा.

कंदील वायरवर टांगायचा नाही, ही गोष्ट कुठेही ढिलाई न करता पाळा. वायरवर ओढ आली की होल्डरमधला जोड सुटतो. वरच्या चार कोपऱ्यांना ३० सेंमीचे चार दोरे बांधा, ते एका कडीत आणा आणि कडी वेगळ्या मजबूत दोरीने वाशाला बांधा. वायर त्या दोरीला सैल गुंडाळत न्या. कंदिलाशी पोचण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी झोळातून गळते, होल्डरमध्ये शिरत नाही. उघड्या जोडाला नुसती चिकटपट्टी बाहेर चालत नाही. मध्ये जोड नसलेली एकसलग वायर घ्या. वीजजोडणी ठाऊक नसेल तर होल्डर जाणकाराकडून बसवून घ्या.

ऑक्टोबरात संध्याकाळी गडगडाटासह सर येते ती इथे दरवर्षीची गोष्ट. अंगणातल्या खांबावर कागदी कंदील टिकत नाही, पडवीच्या आतच टांगा. उघड्यावरच लावायचा असेल तर कागदाऐवजी जुन्या पातळ पांढऱ्या सुती साडीचे तुकडे याच मापाने, याच खळीने चिकटवा. प्रकाश थोडा मंद येतो, पण भिजून वाळला तरी कापड फाटत नाही. नरकचतुर्दशीच्या पहाटे दिवा लागायचा, तर आदल्या दुपारी कंदील वर चढलेला असावा.

मुलांसाठी हिराचा कंदील

माडाच्या झावळीचे हीर घरी असतातच. जाड बुडखा घ्यायचा, निमुळता शेंडा टाकायचा. १० सेंमीच्या २४ काड्या आणि सायकलच्या व्हॉल्वची रबरी नळी, तिचे २ सेंमीचे २४ तुकडे. नळीच्या दोन टोकांत दोन हीर खोचले की कोपरा तयार, दोरा-गाठीची गरज नाही. अशा सहा चौकटी करून कोपरे दोऱ्याने जोडायचे, क्रम वरचाच. आत बॅटरीवरची छोटी दिव्यांची माळ सोडा. वीज नाही, कोयता नाही, तेव्हा आठ-नऊ वर्षांची मुले हे स्वतः करू शकतात.

उतरवल्यावर

तुळशीच्या लग्नापर्यंत, काही घरी त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत कंदील राहतो. उतरवल्यावर कागदावर पाणी मारून तासभर ठेवा, खळ सुटते आणि तो सोलून निघतो. मग चौकटी जोडणाऱ्या बारा गाठी, कर्णकाड्या आणि ताणाचे दोरे सोडा. सहा चौकटी सपाट होऊन एकावर एक बसतात. दोन दिवस ऊन देऊन माळ्यावर ठेवा. चूल पेटत असेल त्या घरी चुलीवरच्या माळ्यावर ठेवा, धुराने भुंगा लागत नाही. पावसाळ्यानंतर काढाल तेव्हा काड्या झटका. बारीक पीठ पडले तर ती काडी पोखरलेली आहे, तेवढीच बदला. दोरा मात्र दरवर्षी नवा घ्या.